दुसऱ्या औषधापूर्वी दुसरी तपासणी

रोग औषधास दाद देत नाही, असे आपण म्हणतो. इंग्रजी वैद्यकीय लेखांत मात्र याच स्थितीचे वर्णन पुष्कळदा असे केलेले असते की, जणू रोगीच उपचारात अनुत्तीर्ण झाला! भाषांतर करताना ते वाक्य मी नेहमी फिरवून घेतो. अपयश उपचाराचे असते, रोग्याचे नव्हे.

जठराचा, किंवा अन्ननलिका जठरास मिळते त्या संधीवरील कर्करोग अनेकदा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावरच उघडकीस येतो. मग रसायनोपचार सुरू होतात. अर्बुद काही काळ आटोक्यात राहते आणि पुढे त्याच औषधांना न जुमानता वाढू लागते. अशा वेळी नव्या रसायनास प्रतिपिंडाची जोड देता येते. प्रतिपिंड म्हणजे शरीरातील संरक्षक प्रथिनांच्या धर्तीवर प्रयोगशाळेत सिद्ध केलेला रेणू. तो ठरावीक लक्ष्यासच जाऊन चिकटतो.

या जोडीचे फळ किती? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे ६६५ रुग्ण होते. काहींना केवळ पॅक्लिटॅक्सेल हे रसायन दिले. काहींना त्याच्या जोडीस रॅम्युसिरुमॅब हे प्रतिपिंड. अर्बुदास रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ ते रोखते. पहिल्या गटातील निम्मे रुग्ण ७.४ महिन्यांहून अधिक जगले, दुसऱ्यातील निम्मे ९.६ महिन्यांहून अधिक. श्वेतपेशींची गंभीर घट मात्र १९ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेली. दोन महिने थोडे की फार, हे ज्याचे त्याने ठरवावे; परंतु आकडा न सांगता 'नवे प्रभावी औषध' एवढेच त्याच्या कानी घालणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

माझा खरा आग्रह निराळ्याच गोष्टीविषयी आहे. जठराच्या सुमारे पाचातील एका अर्बुदात 'हर-टू' नावाचे ग्राही प्रथिन विपुल असते, आणि तेथे ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड पहिल्या रसायनासमवेतच देतात. रोग पुन्हा बळावला तर रसायन बदलून तेच प्रतिपिंड चालू ठेवावे काय? जपानमधील एका चाचणीने २०२० साली उत्तर दिले : त्याने लाभ झाला नाही. पहिल्या उपचारानंतर ज्या १६ रुग्णांच्या ऊतींचा नमुना तपासता आला, त्यांपैकी ११ जणांच्या अर्बुदातून ते लक्ष्यच नाहीसे झाले होते! कुलूप बदलले असता जुनी किल्ली फिरवीत बसण्यासारखेच हे झाले.

पुढे ट्रास्टुझुमॅबच्या रेणूलाच एक कर्करोगनाशक रसायन जोडण्यात आले. या संयुक्त औषधाची रॅम्युसिरुमॅब व पॅक्लिटॅक्सेल यांच्या जोडीशी तुलना करणारी चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. मध्यम आयुर्मर्यादा ११.४ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर गेली. फुप्फुसांच्या दाहाचा धोका या औषधातही आहेच. लक्षात घ्यावयाचे ते असे की, पहिल्या उपचारानंतर ऊतीचा नवा नमुना घेऊन 'हर-टू' अद्याप आहे याची खात्री पटलेल्यांनाच या चाचणीत प्रवेश होता.

तेव्हा वर्षभरापूर्वीच्या अहवालावर विसंबून इतके महाग औषध लिहून देणे योग्य नव्हे. पुन्हा दुर्बीण घालणे अशक्त रुग्णास जड जाते. रक्तस्रावाचे भय असते. दूरच्या गावाहून आलेल्या कुटुंबास अहवालासाठी शहरात आणखी काही दिवस काढावे लागतात. या अडचणी मी हलक्या लेखीत नाही, आणि काही रुग्णांच्या बाबतीत नमुना घेणे शक्यच नसते. पण शक्य असेल तेथे या तपासणीचा खर्च औषधाच्या खर्चापुढे अगदी किरकोळ आहे. सरकारी योजनेतून औषधास पैसे मिळावेत अशी मागणी आपण करतो. त्याच अर्जात या दुसऱ्या तपासणीचे पैसेही मागितले जावेत. आणि नातलगांनी डॉक्टरांस एवढे अवश्य विचारावे : "हा अहवाल केव्हाचा?"