इंग्रजीची कसोटी आणि गोंदियाचा विद्यार्थी

परदेशी विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास आपल्या इंग्रजीची प्रचीती बहुधा आयईएलटीएस किंवा टोफेल अशा एखाद्या परीक्षेने द्यावी लागते. ही चिंता केवळ मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांची असावी, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांस मान्य नाही. केंद्र सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती १९५४ पासून आहे. राज्य सरकारनेही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तशी योजना ठेवली आहे, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही सोय आहे. सालेकसा-देवरीच्या मुलांसाठी हे दार कागदावर तरी उघडे आहे.

तथापि दार उघडे असणे आणि दारापर्यंत पोहोचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. शिष्यवृत्तीचा पैसा हाती येतो तो प्रवेश मिळाल्यावर. परीक्षा द्यावी लागते ती त्याआधी. तिचे शुल्क पंधरा हजार रुपयांच्या वर आहे. तयारीचे खासगी वर्ग आणि परीक्षेचे केंद्र यांसाठी नागपुराकडे पाहावे लागते, म्हणजे गोंदियाहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. शिवाय मिळालेले गुण दोनच वर्षे ग्राह्य! धानाच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाने असा प्रयोग किती वेळा करावा?

परंतु पैशाहूनही बिकट प्रश्न तयारीच्या स्वरूपाचा आहे. आयईएलटीएसमध्ये श्रवण, वाचन, लेखन व संभाषण असे चार भाग असतात. श्रवणाचे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकविले जाते. लेखनात एका तासात आकृती वा तक्त्याचे किमान १५० शब्दांत वर्णन करून किमान २५० शब्दांत एखाद्या प्रश्नावर आपले मत सकारण मांडावे लागते, आणि या दुसऱ्या उत्तराचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. संभाषणात मिनिटभर विचार करून दोन मिनिटेपर्यंत एकट्याने बोलावयाचे असते. घोकलेली उत्तरे परीक्षकांच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाहीत, आणि त्यांनी गुण वाढत नाहीत. असे असता दोन महिन्यांत ठरावीक निबंध पाठ करून घेणाऱ्या वर्गांना पालक हजारो रुपये मोजतात, याचा आम्हांस विषाद वाटतो. पऱ्हे तयार नसता रोवणीला निघणारा शेतकरी आपल्या जिल्ह्यात सापडणार नाही. शिक्षणात मात्र आपण नेमके तेच करीत आहो.

गोंदियाचा विद्यार्थी भाषेच्या बाबतीत दुबळा आहे, हेही आम्हांस मान्य नाही. घरी पोवारी किंवा गोंडी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, असा ज्याचा दिनक्रम आहे, त्याला आणखी एक भाषा जड का जावी? उणीव आहे ती स्वतःचे मत क्रमवार मांडण्याच्या सवयीची, आणि ही सवय मातृभाषेतच प्रथम जडते. मराठी निबंध मार्गदर्शकातून उतरवून घेणाऱ्या मुलाला इंग्रजीत एकाएकी स्वतंत्र विचार सुचणार नाही. खापर इंग्रजीवर फोडून आपली सुटका होणार नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एकेका महाविद्यालयाने आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, एक संगणक व इंग्रजीचा एक प्राध्यापक द्यावा. विद्यार्थ्याने दर आठवड्यास २५० शब्द लिहावेत, ते लाल शाईने तपासून परत मिळावेत, आणि त्याने चारचौघांसमोर दोन मिनिटे बोलावे. ही शिस्त पदवीच्या पहिल्या वर्षापासून असावी. सेवानिवृत्त शिक्षकांनी येथे पुढे यावे. होतकरू व गरीब विद्यार्थ्याचे परीक्षाशुल्क जिल्हा परिषदेने प्रथम भरावे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा पंचवीस वर्षांहून अधिक काळ आपला कारभार आपण पाहत आहे. कचेऱ्या आल्या, फलक बदलले. आता जिल्ह्याच्या मुलांना नागपूरच्या वर्गांच्या दारी उभे राहावे लागू नये, एवढी तरी तजवीज त्याने स्वतःच्या बळावर करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. शिष्यवृत्ती गुणवंतांसाठी असते असे आपण म्हणतो. ती केवळ शुल्क भरू शकणाऱ्यांची ठरू नये.