घटनेने उघडलेले दार तिकीट खिडकीवर बंद!

नोकरी, घर, शिष्यवृत्ती, अत्याचार हे प्रश्न धगधगत असताना स्वस्त टॉकीजची चिंता चळवळीने कशाला करावी, असे काही जण विचारतील. त्यांनी संविधानाचे कलम १५ उघडून वाचावे. जातीच्या कारणावरून विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरास कोणाला मनाई करता येणार नाही, असे त्याचा दुसरा खंड सांगतो. त्याच खंडात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेलांच्या पंक्तीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. म्हणजे महाडचे तळे आणि शहरातले टॉकीज घटनेने एकाच खंडात बसवले. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. सर्वांबरोबर बसणे हा नागरिकत्वाचा भाग आहे, हाच याचा अर्थ.

जातीने लावलेली कडी कायद्याने काढली. आता तीच कडी पैसा लावत आहे.

एकपडदा टॉकीजचे आकर्षण केवळ सिनेमात नव्हते. हमाल, रिक्षावाला, शिपाई, विद्यार्थी सारे एका छताखाली बसत. बाल्कनी आणि खालची खुर्ची हा भेद तेथेही होता, हे आम्ही विसरत नाही. पण अंधारात शेजाऱ्याची जात विचारण्याची सोय नव्हती. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या एका पिढीला अंबा-अप्सरा, अंजली, सादिया ही नावे पाठ होती, ती यामुळेच. मुंबईत लालबागचे 'भारतमाता' गिरणीच्या जागेवर उभे राहिले आणि गिरणी कामगाराला परवडणाऱ्या दरात मराठी चित्रपट दाखवत आले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि या टॉकीजवरही गंडांतर आले. ते वाचावे म्हणून लोकांना रस्त्यावर यावे लागले. कारखाना जातो तेव्हा कामगाराची बसण्याची जागाही जाते, हा गिरणगावचा धडा आहे.

आता चितेगावकडे पाहा. पैठण रस्त्यावर चौदाव्या किलोमीटरच्या दगडाजवळ व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. घराघरात टीव्ही पोहोचवणारी ही कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली. या पट्ट्यातल्या कामगाराने सुट्टीच्या दिवशी बायको-मुलांना शहरातल्या मल्टिप्लेक्सला न्यायचे ठरवले, तर २०० रुपयांचे तिकीट धरले तरी चौघांचे ८०० रुपये होतात. येण्याजाण्याचे भाडे वेगळे. घरची भाकरी आत नेता येत नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा मालकाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. पिण्याचे पाणी फुकट द्यावे लागते, एवढाच दिलासा. मग तो कामगार मोबाईलवर एकटाच सिनेमा पाहतो. २०२१ साली 'जय भीम' आमच्या बहुतेक वस्त्यांनी असाच पाहिला, कारण तो थेट मोबाईल-टीव्हीवरच आला. याउलट २०१६ साली 'सैराट'साठी गावोगावच्या टॉकीजांबाहेर रांगा लागल्या. तो सिनेमा लोकांनी एकत्र पाहिला, म्हणून त्यावर चौकाचौकात वादही झाला. एकट्याने पाहिलेल्या अन्यायावर माणूस हळहळतो. एकत्र पाहिलेल्या अन्यायावर समाज बोलू लागतो.

मग सरकारने दराची मर्यादा ठरवावी काय? कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ऑनलाइन तिकिटावरील सोयीचे शुल्क बंद करणारे महाराष्ट्र सरकारचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. व्यवसाय स्वातंत्र्याचे कलम १९ मालकाच्या बाजूला उभे राहते. म्हणून केवळ दरबंदीच्या मागणीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. स्वस्त पडदा जिवंत ठेवण्याची मागणी लावून धरली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, तर त्यापुढच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. स्वस्त तिकीट ठेवणाऱ्या टॉकीजला हा आधार आहे, पण तो अपुरा आहे. केरळात सरकारचे चित्रपट विकास महामंडळ स्वतः चित्रपटगृहे चालवते. चित्रपटासाठी महामंडळ महाराष्ट्रातही आहे. मग औद्योगिक वसाहतींच्या गावांत १०० रुपयांच्या आतला पडदा त्याने का उभारू नये? जिल्ह्याजिल्ह्यातल्या सामाजिक न्याय भवनांची सभागृहे रविवारी चित्रपटांसाठी का उघडू नयेत?

महात्मा फुले जयंतीला, ११ एप्रिल २०२५ रोजी येणारा 'फुले' हा चित्रपट आक्षेपांच्या गदारोळात २५ एप्रिलवर ढकलला गेला. तेव्हा आम्ही सेन्सॉरवर बोललो, ते योग्यच होते. पण कात्री एकच नसते. दोनशे रुपयांचे तिकीट हीसुद्धा कात्रीच आहे; ती सिनेमा न कापता प्रेक्षकच कापून टाकते. तिच्याविरुद्ध बोलणे हे कलम १५ च्या रक्षणाचेच काम आहे. बांधवांनो, आपल्या आमदारांना आणि पालकमंत्र्यांना हा प्रश्न लेखी विचारा.

जयभीम!