ट्युबा कोण वाजवणार?

‘अंगात कला असेल तर ती दिसतेच हो!’

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. ऐकायला काय छान वाटतं, कलेचा केवढा तो सन्मान! पण त्याचा खरा अर्थ एवढाच की आम्ही खर्च करणार नाही, सोय करणार नाही, ज्याच्यात असेल त्याने आपापलं बघून घ्यावं. पुढे त्याचं नाव झालंच तर फ्लेक्सवर फोटो लावायला आम्ही आहोतच.

हे वाक्य हल्लीच माझ्या भाच्याच्या शाळेत, पालकसभेत बोललं गेलं. शाळेचं नाव घेत नाही, कारण अशा शाळा पुण्यात पैशाला पासरी आहेत. तिथे बँडची एक खोली आहे. चार-पाच बिगुल, साइड ड्रम, एक मोठा ड्रम, दोन ट्रम्पेट आणि कोपऱ्यात पोचे आलेलं एक युफोनियम. ती खोली आता रोबोटिक्स लॅबला हवी आहे आणि वाद्यं काढून टाकायची आहेत. ताई सांगत होती, "अरे, दोन मिनिटांत विषय संपला. ज्याला आवड असेल तो प्रायव्हेट क्लास लावेल म्हणाले, की सगळ्यांच्या माना हलल्या." माना हलवणारे बहुतेक आपल्यातलेच, हिंजवडी-खराडीला जाणारे. भाचा अकरा वर्षांचा आहे, बिगुल वाजवतो. बरा वाजवतो, ग्रेट वगैरे नाही. आणि मला जे बोलायचंय ते या ‘ग्रेट वगैरे नाही’बद्दलच बोलायचंय.

त्यासाठी मी मुद्दाम एक बेढब वाद्य निवडलंय... ट्युबा. पितळी वाद्यांतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खालच्या सुरांचं. मांडीवर घेऊन वाजवायचं, तोंड आभाळाकडे. मोठ्या बी-फ्लॅट ट्युबाची नळी सरळ केली तर साधारण १८ फूट भरते. लग्नाच्या बँडमध्ये कधीकधी एक माणूस अंगाभोवती अजगरासारखं पितळी वेटोळं घालून चालतो ना, तो सूझाफोन म्हणजे ट्युबाचाच चालताफिरता भाऊ. ट्युबाचं पेटंट १८३५ साली बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मोरिट्झ या दोघांनी घेतलं. लष्करी बँडला खालचे सूर भक्कम धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. थोडक्यात काय, तर हे वाद्य जन्मालाच आलं ते गरजेपोटी.

आता मला सांगा, ‘आमचा बंड्या रांगायला लागला तेव्हापासून ट्युबाच्या सुरावर मान डोलावतो’ असं सांगणारे आईबाप तुम्ही कुठे पाहिलेत? पाहणारच नाही. कुणीही ‘जन्मजात ट्युबावादक’ नसतो. मुलं आधी दुसरं काहीतरी वाजवत असतात. मग बँडला खालचा सूर कमी पडतो आणि मास्तर एखाद्याकडे बोट दाखवून म्हणतात, तू घेऊन बघ रे हे. म्हणूनच टॅलेंटच्या भाकडकथा तपासायला हे वाद्य मला एकदम सोयीचं वाटतं.

एक खरं उदाहरण घ्या. कॅरल जँच, अमेरिकन मुलगी. सहाव्या वर्षी पियानो शिकायला लागली. नवव्या वर्षी युफोनियम, म्हणजे ट्युबाचं धाकटं भावंडं. मग ट्युबा. मग मिशिगनमधली इंटरलोकन ही कला शिकवणारी निवासी शाळा, आणि पुढे मिशिगन विद्यापीठात फ्रिट्झ केन्झिग या गुरूंकडे शिक्षण. २००६ साली, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असतानाच तिने फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रातली ट्युबाची जागा जिंकली. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात ट्युबाच्या खुर्चीवर बसलेली ती पहिली स्त्री. (आपण त्या वयात काय करत असतो? प्लेसमेंटसाठी बोट आणि प्रवाहाची गणितं सोडवत असतो.)

यात ‘जागा’ हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले पंचवीस-तीस असतात, ट्युबावाला सहसा एकच. तो निवृत्त होईपर्यंत जागा निघत नाही. शिकागो सिंफनीत अर्नल्ड जेकब्स १९४४ साली बसले ते १९८८ साली उठले. ४४ वर्षं! अशी जागा निघाली की देशभरातून उमेदवार येतात. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांच्या निवडीत निदान पहिल्या फेऱ्या तरी बहुधा पडद्याआड होतात. वाजवणारा गोरा की काळा, बाई की बाप्या, परीक्षकांना कळत नाही. चपलांचा आवाज येऊ नये म्हणून कधी खाली गालिचासुद्धा घालतात.

आता हीच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते. पहिली तऱ्हा आपल्या लाडाची: बघा, कसली गुणी पोरगी, अंगात होतं ते दिसलंच! दुसरी जरा कंटाळवाणी: सहाव्या वर्षी पियानो, नवव्या वर्षी हातात दुसरं वाद्य, मग त्याहून मोठं, मग तेच शिकवणारी शाळा, मग एक चांगला गुरू, आणि या सगळ्यात रोजचे तास. यातली एक पायरी काढून बघा. नवव्या वर्षी युफोनियम नावाची वस्तू आसपास नसतीच, तर ‘अंगात होतं’ ते दिसलं असतं कुठून? पोरीत गुण नव्हते असं मी म्हणत नाहीये. भरपूर असणार. पण गुण दिसायला आधी वाद्य लागतं, एवढं साधं आपल्याला का कळत नाही?

वर ज्यांचं नाव घेतलं त्या जेकब्सबुवांचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जन्म १९१५चा. सुरुवात कशाने केली असेल? बिगुलने! मग ट्रम्पेट, मग ट्रॉम्बोन, मग ट्युबा. पंधराव्या वर्षी फिलाडेल्फियातल्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये स्कॉलरशिपवर प्रवेश. बिगुलला कळा नसतात. ओठ आणि श्वास यांच्या जोरावर जे चार-पाच सूर निघतील तेवढेच. म्हणजे शाळेच्या परेडला वाजणारं ते क्षुद्र बिगुल हीसुद्धा त्या जिन्याची पहिली पायरी असू शकते. आणि आपण नेमकी तीच विकायला काढलीय.

हेच जेकब्स पुढे विसाव्या शतकातले पितळी वाद्यांचे सगळ्यात नावाजलेले शिक्षक झाले. त्यांचं सूत्र दोन शब्दांत सांगितलं जातं: गाणं आणि वारा. आधी सूर डोक्यात गायचा, मग श्वास मोकळा सोडायचा; ओठांची आणि स्नायूंची उगाच उठाठेव करायची नाही. त्यांना स्वतःला दम्याचा त्रास होता. फुप्फुसाची क्षमता मोजणारी उपकरणं स्टुडिओत ठेवून ते विद्यार्थ्यांना श्वास म्हणजे काय ते दाखवून द्यायचे. ट्रम्पेटवालेच काय, इतर वाद्यांचे लोकही त्यांच्याकडे श्वास शिकायला यायचे. दमेकरी माणूस जगाला श्वास शिकवतो... आता बोला, ‘अंगात’ काय होतं?

पण ट्युबाचा विद्यार्थी आणखी एक गोष्ट शिकतो, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. तो गप्प बसायला शिकतो. ड्वोर्झाकची नववी सिंफनी, ‘न्यू वर्ल्ड’ म्हणतात ती, साधारण चाळीस मिनिटांची. त्यात ट्युबाला काम फक्त दुसऱ्या भागात, आणि तेही उणेपुरे चौदा-एक सूर. बाकी वेळ बसून राहायचं, मनात मात्रा मोजायच्या, आणि आपली वेळ आली की जरासुद्धा न डळमळता तो खालचा सूर लावायचा. तो चुकला तर वरचा सगळा डोलारा हलतो, आणि बरोबर लागला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रॉडक्शन सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. चालू आहे तोवर कुणी नाव घेत नाही!

आणि एकट्याने मिरवायचं म्हणाल तर व्हॉन विल्यम्सने ट्युबासाठी कॉन्चेर्टो लिहिली १९५४ साली. कुणा मोठ्या संगीतकाराची या वाद्यासाठीची ही पहिलीच. पेटंटनंतर तब्बल ११९ वर्षांनी. तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोक हे धूड उचलून तालमीला जातच होते ना? कशासाठी? बँडला खालचा सूर लागतो म्हणून. बस्स.

आपल्याकडे मुलाला गाण्याला घातलं की सहा महिन्यांत पहिला प्रश्न, ‘स्टेजवर कधी?’ २००८-०९ मध्ये सगळा महाराष्ट्र ‘लिटिल चॅम्प्स’ बघत होता, तेव्हा मीही शाळेत होतो. गोड कार्यक्रम होता, त्या मुलांनी मेहनतही केली होती. पण घराघरातून निष्कर्ष काय निघाला? की गाणं म्हणजे एक मूल, एक माइक आणि समोर परीक्षक. दुसऱ्याचं ऐकत वाजवणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, आपला आवाज शेजारच्याच्या आवाजात मिसळणं, याला आपल्या हिशेबात शिक्षणच म्हणत नाहीत. आणि म्हणून ‘प्रायव्हेट क्लास लावा’ हे उत्तर बिनकामाचं आहे. क्लासमध्ये बोटं आणि सूर शिकता येतील, पण चाळीस पोरांच्या मध्ये बसून मात्रा मोजायला कुठला क्लास शिकवणार? त्याला बँडच लागतो.

आता तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेतली थेरं आहेत, त्यांच्याकडे पैसा आहे. आहे. ट्युबा महाग असतो, चांगल्याला हजारो डॉलर पडतात. म्हणून तर तिथेही शाळेतला ट्युबा बहुधा शाळेचाच असतो, पोराच्या बापाचा नसतो. (आणि बजेट कापायची वेळ आली की तिथेही पहिली कुऱ्हाड संगीतावरच पडते, उगाच आदर्श वगैरे नको मानायला.) पण पैशाचंच कारण असेल तर गोव्याचं काय करणार? पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून गावोगावच्या गरीब पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. त्यातूनच मुंबईच्या सिनेमासंगीताला वादक आणि अरेंजर मिळाले: सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’मुळे ज्यांचं नाव पोराटोरांना पाठ झालं तेच हे खरे गोन्साल्विस, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. गावात शिकवणारा मास्तर होता म्हणून हे घडलं. आणि उलट बघायचं तर मुंबईत एनसीपीएने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला तोही २००६ मध्येच, जँचबाईंना नोकरी लागली त्याच वर्षी. त्यात बहुतेक वादक परदेशातून आणावे लागले. एवढ्या प्रचंड लोकसंख्येच्या देशात पुरेसे वादक मिळेनात! अंगात कला नव्हती म्हणून? का पायऱ्याच नव्हत्या म्हणून?

बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. ढोलताशा पथकं बघा. वाद्यं पथकाची, टॅलेंट टेस्ट वगैरे भानगड नाही, दीड-दोन महिने रोज संध्याकाळी नदीकाठी तालीम, आणि कुणीही स्टार नाही. आपल्यातलेच निम्मे इंजिनियर लॉगआउट करून तिथे कमरेला ढोल बांधतात आणि हाताला फोड आले तरी सोडत नाहीत. म्हणजे एकत्र वाजवण्यातली मजा आपल्याला चांगली कळते. मग तीच मजा अकरा वर्षांच्या पोराला वर्षभर मिळायला काय हरकत आहे?

रोबोटिक्सला माझा विरोध नाही, मी स्वतः कोड लिहून पोट भरतो. पण रोबोटचे किट कपाटात मावतात, बँड मावत नाही. एकच खोली आठवड्यात तीन दुपारी बँडला आणि तीन दुपारी लॅबला देता येते, त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. युफोनियमचे पोचे काढणारे कारागीर कुठल्याही बँडवाल्याला माहीत असतात. शिकवायला कोण? तर तोच बँडवाला. लग्नाचा सीझन संपला की त्याच्याकडे वेळ असतो, आणि डीजेने त्याचा धंदा तसाही खाल्लाय. वीस-वीस वर्षं रस्त्यावर उभं राहून फुंकलेला माणूस आहे तो, श्वास म्हणजे काय हे त्याला शिकवावं लागत नाही.

पण खरी गोची इथेच आहे. ज्याच्या तालावर आपण वरातीत नाचतो, ज्याच्यावरून नोटा ओवाळून टाकतो, त्याला आपल्या मुलाने ‘सर’ म्हणावं हे आपल्याला चालेल का? खोली, बजेट, टॅलेंट ही सगळी कारणं मला या एका प्रश्नाच्या पुढ्यात लावलेले पडदे वाटतात. आपल्याला मुलं परीक्षकांसमोर उभी राहिलेली हवीत, बँडवाल्यांच्या रांगेत नकोत.

सगळ्यांची मुलं सोलो वाजवणार असतील तर ट्युबा कोण वाजवणार? पुढच्या पालकसभेत तुमच्या शाळेची बँडची खोली कुठे आहे ते विचारा. नसेल तर कधी होती ते विचारा. आणि कुणी ‘अंगात कला असेल तर’ म्हणायला लागलं, तर त्यांना आधी कपाटाची किल्ली मागा.