सर्वसाधारण सभेचे बहुमत आणि आमचे घर

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेच्या एका इमारतीत एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली. या सोसायटीत महाराष्ट्रीय माणसांना जागा देत नाहीत, असे कारण तिला तोंडावर सांगण्यात आले. तिने मोबाइलवर केलेले चित्रीकरण दोन दिवसांत राज्यभर पोचले. सर्व पक्षांचे नेते बोलले, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. मुंबईत घर शोधताना आपल्यालाही मराठी म्हणून नकार ऐकावा लागला होता, असे पंकजा मुंडे यांनी जाहीरपणे सांगितले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये घाटकोपरमधून अशीच तक्रार आली. मासे-मटण खाणाऱ्या मराठी कुटुंबाला शेजाऱ्यांनी हिणवल्याचा तो आरोप होता. मराठी मुलुखात मराठी माणसालाच घर नाही, असा आक्रोश झाला आणि तो रास्त होता.

त्या आक्रोशात आम्हीही होतो. आम्ही तांबोळी, मुलाणी, अत्तार, बागवान, मणियार, शिकलगार, आणि कोकणातले परकार, मुकादम, काझी. आम्ही लिहितो मराठीत, भांडतो मराठीत, हिशेब मांडतो मराठीत. मराठी माणसाचा अपमान तो आमचा अपमान, यात आम्हाला काडीचीही शंका नाही. पण संताप ओसरल्यावर एक प्रश्न मात्र मनात राहिला. मुलुंडचा तो बंद दरवाजा महाराष्ट्राला २०२३ साली दिसला. आम्ही तर त्याच दरवाज्यासमोर तीस-चाळीस वर्षे उभे आहोत. मग आम्ही कोणालाच कसे दिसलो नाही?

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत घर शोधलेल्या आमच्यापैकी प्रत्येकाला तो फोन तोंडपाठ आहे. समोरून एजंट बोलत असतो. आमचे स्वच्छ मराठी ऐकून तोही खूश असतो. भाडे ठरते, अनामत ठरते, रविवारी घर बघायला यायचे ठरते. मग तो सहज विचारतो, "नाव काय म्हणालात?" नाव सांगितले की क्षणभर शांतता. "तसं मालकांचं काही नाही हो, पण कमिटी तयार होणार नाही." या संभाषणाचे कोणी चित्रीकरण करत नाही. कोणावर गुन्हा नोंदला जात नाही. इतकी वर्षे ऐकून आम्हीही त्याला हवामानासारखे मानू लागलो आहोत. पाऊस पडतो तसा नकार पडतो.

आता या 'कमिटी'कडे जरा नीट पाहू. सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे लोकशाहीचे सर्वांत छोटे रूप. तिथे निवडणूक होते, सर्वसाधारण सभा भरते, ठराव मांडले जातात, हात वर होतात, मोजले जातात. गच्चीची दुरुस्ती, पाण्याची टाकी, रंगकाम, लिफ्ट, वॉचमनचा पगार हे सारे बहुमताने ठरते आणि ठरलेच पाहिजे. पुनर्विकासासारखा मोठा निर्णयही शासनाच्या २०१९च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने होतो. याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते. टाकी कुठे बांधायची हे ठरवणारे तेच हात एक दिवस शेजारी कोण असावा, हेही ठरवू लागतात. टाकीचा प्रश्न बहुमताचा आहे. माणसाचा धर्म, जात, भाषा आणि ताटातले अन्न हा बहुमताचा प्रश्नच नव्हे. शंभर हात वर झाले तरी नव्हे.

घटनाकारांनी नेमकी हीच रेषा आखली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ सालीच बजावले होते की, भारतातील बहुमत हे राजकीय बहुमत नाही, ते जन्माने मिळालेले जमातीचे बहुमत आहे. राजकीय बहुमत बनते, मोडते आणि पुन्हा बनते. आजचा विरोधक उद्या सत्तेवर येतो. जन्माचे बहुमत मात्र निवडणुकीत हरत नाही. म्हणूनच काही गोष्टी मतदानाच्या आवाक्याबाहेर ठेवाव्या लागतात. मे १९४९ मध्ये घटना समितीने धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द केल्या. बेगम एजाज रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनीच राखीव जागा नकोत असे सांगितले होते. आम्हाला वेगळे मतदारसंघ नकोत, राखीव खुर्च्या नकोत, समान नागरिक म्हणून हमी द्या, असा तो सौदा होता. १४, १५, १९, २५, २९, ३० ही कलमे त्या हमीचा कागद आहेत. त्यांना जे 'लांगूलचालन' म्हणतात, त्यांनी हा व्यवहार एकदा वाचून पाहावा.

मग ही हमी सोसायटीच्या फाटकापाशी का थांबते? ती थांबते, कारण कायद्यातच तिथे भगदाड आहे. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात १५ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा उपविधी वैध आहे, कारण सहकारी संस्था ही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची संघटना आहे आणि मूलभूत हक्कांचे बंधन तिला थेट लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या पीठावर न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्णही होते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करून कोणाचीही भीड न ठेवता ज्यांनी १९९८ मध्ये अहवाल दिला, तेच हे श्रीकृष्ण. तेव्हा हा निकाल आकसातून आला, असे कोणी म्हणू नये. धर्मनिरपेक्ष देशात अशा संस्था काहीशा मागासलेल्या वाटतील, असे खुद्द निकालातच नोंदवलेले आहे. मात्र बदल करायचा तर तो विधिमंडळाने करावा, असा त्याचा रोख होता. त्याला वीस वर्षे उलटली. विधिमंडळाने काय केले?

या निकालातली गंमत, खरे तर शोकांतिका, ध्यानात घ्यावी. मूठभर उरलेल्या पारशी समाजाने आपली वस्ती जपण्यासाठी मागितलेले संरक्षण होते ते. अल्पसंख्याकाच्या हाती दिलेली ती ढाल बहुसंख्याकांच्या हाती गेली आणि तिची तलवार झाली. आपली संस्कृती जपण्याचा हक्क वेगळा आणि दुसऱ्याला छप्पर नाकारण्याचा हक्क वेगळा. पहिला २९व्या कलमात आहे. दुसरा घटनेत कुठेही नाही.

कोणी म्हणेल, हा आमचा खाजगी मामला आहे. आमच्या इमारतीत कोण राहावे, हे आम्ही ठरवू. आम्ही विचारतो, मग ती सोसायटी नोंदवली कोणाकडे? सरकारच्या निबंधकाकडे. कोणत्या कायद्याखाली? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली. त्याच अधिनियमाच्या २३व्या कलमाचे सूत्र खुल्या सभासदत्वाचे आहे. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय प्रवेश नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे दाद मागता येते. आदर्श उपविधींनुसार सदनिका विकताना संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, आणि भाड्याने देताना संस्थेला कळवणे पुरेसे आहे. म्हणजे ज्या 'कमिटीच्या परवानगी'पायी आमची घरे गेली, ती परवानगी मागण्याचा अधिकारच बहुतेक कमिट्यांना नाही. हे आम्हाला ठाऊक नसते आणि कमिटीला सांगायचे नसते.

कलम १५(२) मध्ये दुकानांत कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे म्हटले आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या शब्दाच्या अर्थावर चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द नुसत्या आत शिरण्यापुरता न घेता, मोबदला मान्य करणाऱ्याला सेवा देण्याच्या व्यापक अर्थाने घेतला होता. मग वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, माहितीपत्रके छापून, सुटीच्या दिवशी मंडप घालून सदनिका विकणारा बिल्डर दुकानदार नव्हे तर कोण? आणि दलाल?

कोणी म्हणेल, प्रश्न धर्माचा नाही, शाकाहाराचा आहे. आम्हाला कोणाच्या शाकाहाराबद्दल आदरच आहे. पण ज्याला ताटावरून नाकारता येते, त्याला नावावरूनही नाकारता येते, इतकेच आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्यातले काही आयुष्यभर मांस न खाणारे आहेत. 'शुद्ध शाकाहारी' इमारतीत त्यांना घर मिळाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आणि मुळात बहुसंख्य कोण? जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने जैन समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. टी.एम.ए. पै खटल्यात २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरेल. म्हणजे महाराष्ट्रात गुजराती भाषक हे भाषिक अल्पसंख्याक ठरतात. पण घाटकोपरच्या एखाद्या इमारतीत तेच बहुसंख्य होतात आणि राज्याची राजभाषा बोलणारा मराठी माणूस तिथे अल्पसंख्य ठरतो. हाच मराठी माणूस बेळगावात गेला की सरकारी कागदपत्रे मराठीत मागतो, मराठी शाळा मागतो आणि त्यासाठी भाषिक अल्पसंख्याकांच्या घटनात्मक हक्कांचा आधार घेतो. योग्यच करतो. बेळगावात मराठी माणूस जे मागतो, तेच आम्ही अंधेरीत मागत आहोत. मग तिथे तो हक्क आणि इथे ते लांगूलचालन कसे?

८ डिसेंबर २०२४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आवारात झालेल्या एका कार्यक्रमात तिथल्याच एका विद्यमान न्यायमूर्तींनी, हा देश बहुसंख्याकांच्या इच्छेप्रमाणे चालेल, अशा आशयाचे विधान केले. देशभर टीका झाली. आम्हाला मात्र ते वाक्य ओळखीचे वाटले. सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचाच तो ठराव होता. फक्त इमारत मोठी झाली होती.

जून २०२४ मध्ये विधान परिषदेत अनिल परब यांनी नव्या इमारतींत ५० टक्के घरे मराठी माणसांसाठी राखून ठेवण्याचे अशासकीय विधेयक आणले. हेतूबद्दल शंका घेत नाही. पण एक साधा प्रश्न विचारतो. त्या पन्नास टक्क्यांत आमचे मुलाणी-मुकादम धरले आहेत का? धरले असतील तर फार बरे. नसतील, तर हे विधेयक बंद दरवाजा उघडणारे नाही, नुसती चावी या हातातून त्या हातात देणारे आहे. राखीव वाटा मागण्यापेक्षा नकारच बेकायदा ठरवा.

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आमच्या घराकडेही पाहिले पाहिजे. दंगलींनंतर आम्ही मुंब्र्याला गेलो, मीरा रोडला गेलो, जोगेश्वरी-कुर्ल्यात दाटीवाटीने राहिलो. ते भीतीपोटी झाले. सच्चर समितीने २००६ साली या एकवटलेल्या वस्त्यांची आणि त्यामागच्या असुरक्षिततेची नोंद घेतली आहे. पण भीतीतून झालेल्या वस्तीत पुढे आम्हालाही बहुमताची चटक लागली. अमुक जमातीलाच घर, तमुक फिरक्याला नाही, एकट्या राहणाऱ्या बाईला तर नाहीच. असे नकार आमच्या मोहल्ल्यांतही दिले जातात. जमातीच्या ठरावापुढे आमची बहीण, आमचा बंडखोर भाऊ हे अल्पसंख्याकच असतात. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, ते या आतल्या अल्पसंख्याकांसाठीच. बाहेर घटना आणि आत जमात, असे दोन कायदे आम्हाला चालणार नाहीत. जो कायदा आम्ही मागतो, तो सर्वांत आधी आमच्या सोसायट्यांना लागू व्हावा.

असा कायदा अशक्य आहे का? अमेरिकेत १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात, काळ्या माणसाला घर न विकण्याचे खाजगी करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल झाला. १९६८ साली घरविक्रीतील आणि भाड्यातील भेदभावच तिथे बेकायदा ठरला. ब्रिटनमध्येही त्याच साली तसा कायदा झाला. इतके दूर कशाला जायचे? सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा महाराष्ट्रानेच २०१६ साली केला. जात पंचायतीचे बहुमत माणसाला वाळीत टाकू शकत नाही, असे या राज्याने ठरवले. मग कमिटीचे बहुमत माणसाला वाळीत टाकू शकते, हे आपण का चालवून घेतो? पंचायत पारावर बसते आणि कमिटी खुर्चीवर बसते, एवढाच काय तो फरक.

आमची मागणी लांबलचक नाही. १९६०च्या अधिनियमात दुरुस्ती करा. धर्म, जात, भाषा वा आहार यांवरून घर नाकारणारा कोणताही उपविधी, ठराव किंवा तोंडी हुकूम रद्दबातल ठरवा. बिल्डर आणि दलाल यांनाही त्यात घ्या. नकार लेखी आणि कारणासह देणे बंधनकारक करा. सच्चर समितीने सुचवलेला समान संधी आयोग आजतागायत झालेला नाही. निदान घरापुरती तरी दाद मागायची एक जागा राज्यात असू द्या.

आणि आमच्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी एजंट "कमिटी तयार नाही" म्हणाला, तर फोन ठेवू नका. ठराव लेखी मागा, ठरावाची तारीख मागा, निबंधकाकडे अर्ज करा. घर मिळेल न मिळेल, पण नकाराची नोंद तरी होईल. मुलुंडच्या त्या महिलेने महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली. नकार मुकाट गिळला तर तो रिवाज होतो, आणि चव्हाट्यावर आणला तर गुन्हा होतो. तिच्या बाजूने आम्ही उभे राहिलो. उद्या आमचा नकार चव्हाट्यावर येईल, तेव्हा मराठी माणूस आमच्या बाजूने उभा राहील, अशी आमची अपेक्षा आहे. कारण आम्ही कोणी दुसरे नाही. आम्हीही तोच मराठी माणूस आहोत.