मराठी शाळकरी वाचकाला क्वीअर नायक मोबाइलवरच का शोधावा लागतो?

मराठी कुमारसाहित्याचा सगळ्यात लाडका नायक पुणे जिल्ह्यातल्या एका गावचा आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आला आणि गावाकडचा किडकिडीत पोरगाही गोष्टीचा नायक होऊ शकतो हे काही पिढ्यांना पटलं. आता त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या. बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या शाळेत नववीत असलेल्या, वर्गातल्याच एका मुलाकडे ओढ वाटणाऱ्या मुलाला आज मराठीत वाचायला काय आहे? किंवा मैत्रिणीवर जीव जडलेल्या मुलीला?

त्यांच्या वयासाठी म्हणून लिहिलेलं आणि गावच्या वाचनालयात सहज हाती लागेल असं जवळपास काहीच नाही. मोठ्यांसाठी मात्र आहे, आणि चांगलं आहे.

मराठीत समलिंगी पात्रं आहेत, पण कुणासाठी?

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. सुमित्रा देव या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला मुलगी आवडते, आणि तिची गोष्ट तिचा मित्र बापू सांगतो. मित्राचं काम रोहिणी हट्टंगडींनी केलं होतं. तो काळ पाहता हे धाडसच होतं. पण नाटकाच्या शेवटी मित्रा जीव देते. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याचं उपकथानक आहे, तेही आश्रमाच्या प्रशासनापुढचं एक 'प्रकरण' म्हणून.

त्यानंतर ठळक नावं येतात ती थेट नव्या शतकात. २००५ च्या सुमारास बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरी आली. खिरेंनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला होता, आणि पुण्यातली पहिली प्राइड रॅली २०११ मध्ये याच संस्थेने काढली. २००६ मध्ये मौजेने सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' काढली. एका मराठी मध्यमवर्गीय घरातला भाऊ आणि बहीण दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट आला. पण तो हिंदी-इंग्रजीत, आणि गोष्ट गेली कोचीला. मराठीतली सगळ्यात गाजलेली समलिंगी प्रेमकथा पडद्यावर पोहोचेपर्यंत तिची भाषा सुटली, हे मला थोडं लागलं.

ती उणीव २०२५ मध्ये रोहन कानवडेंच्या 'सबर बोंडं'ने बरीच भरून काढली. सनडान्स महोत्सवात या मराठी चित्रपटाला परदेशी कथापटांच्या विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातच शेती करणारा त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या, यांची ही गोष्ट. गाव संगमनेरकडचं, बोली तिथलीच. ती ऐकताना बारामती-इंदापूरच्या माणसाला परकं काही वाटू नये. पण आनंद तिशीतला आहे. नववीतल्या पोराच्या हाती अजूनही काही नाही.

तुलनेसाठी मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. २००४ ची ही कादंबरी आणीबाणीच्या काळात नववीत असलेल्या मुकुंद जोशीची आहे. त्याला शिरोडकर आवडते. पुढे फारसं काही होत नाही, तरी तेवढ्या 'काही न होण्याला' एक अख्खी कादंबरी मिळाली, २०१२ मध्ये चित्रपट मिळाला आणि पहिल्या आकर्षणाबद्दल घराघरात हसत बोलता येऊ लागलं. मुलाला मुलगा आवडतो, मुलीला मुलगी आवडते, अशा गोष्टीच्या वाट्याला मराठीत हे साधेपण आलेलं नाही. जिथे कुणी मरत नाही, कोर्टात जात नाही, कुणी समाजाला काही पटवून देत नाही. शेजारच्या बाकावर कुणीतरी बसतं, बस्स.

मग मुलं वाचतात कुठे?

इंग्रजीत हे दार १९६९ मध्ये किलकिलं झालं. जॉन डोनोव्हन यांच्या किशोरांसाठीच्या कादंबरीत दोन मुलांमधली जवळीक पहिल्यांदा आली असं मानलं जातं. आजचं मोठं नाव ॲलिस ओसमन यांचं 'हार्टस्टॉपर'. २०१६ मध्ये इंटरनेटवर चित्रकथा म्हणून ते सुरू झालं आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची मालिका आली. शाळेत शेजारी बसणारी दोन मुलं, हळूहळू उमगत जाणारं प्रेम. 'शाळा'ची आठवण येईल असंच काहीसं.

याहून मोठा साठा फॅनफिक्शनचा आहे. फॅनफिक्शन म्हणजे आवडत्या मालिकेतली, पुस्तकातली किंवा सिनेमातली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या गोष्टी. दोन पात्रांची जोडी जुळवण्याला 'शिपिंग' म्हणतात, रिलेशनशिप या शब्दावरून. समलिंगी जोड्यांच्या गोष्टींना 'स्लॅश' हे नाव पडलं ते कर्क आणि स्पॉक या 'स्टार ट्रेक'मधल्या नावांच्या मधे मारल्या जाणाऱ्या तिरक्या रेघेवरून. अशी पहिली छापील कथा १९७४ ची, चाहत्यांच्याच एका नियतकालिकातली. आज 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संकेतस्थळावर एक कोटीहून जास्त रचना आहेत. ते स्वयंसेवक चालवतात, जाहिराती नाहीत, आणि २०१९ मध्ये त्याला ह्युगो पुरस्कारही मिळाला. राजामौलींचा 'आरआरआर' आला तेव्हा परदेशातल्या अनेक प्रेक्षकांनी राम आणि भीमची मैत्री प्रेमकथा म्हणूनच पाहिली. आपल्याकडे जय-वीरूच्या गळामिठीकडे कुणी तसं पाहिलं नसेल असं समजणंही भाबडेपणाच.

इथले शेवट वेगळे असतात, हे महत्त्वाचं. २०१६ मध्ये 'द हंड्रेड' या अमेरिकी मालिकेत लेक्सा या समलिंगी पात्राला मारलं, तेव्हा चाहत्यांनी रान उठवलं होतं. समलिंगी पात्राला शेवटी मारून टाकायची लेखकांची ही सवय जुनी, आपली मित्राही त्यातलीच. फॅनफिक्शन लिहिणारा तो शेवट सरळ खोडतो आणि दुसरा लिहितो.

पालकांची धास्ती मात्र खोटी नाही. अशा ठिकाणी निव्वळ प्रौढांसाठीचं लेखनही असतं. आर्काइव्हवर गोष्टीच्या सुरुवातीलाच वयोगट आणि इशारे दिलेले असतात, पण ते पाळणं वाचकावर सोडलेलं असतं. त्यातही गोष्ट वाचणं आणि अनोळखी माणसाशी खासगी मेसेजवर बोलणं यांतला धोका सारखा नाही. मोबाइल काढून घेताना हा फरक सहसा कुणी करत नाही.

दुसरी किंमत भाषेची. हे वाचून मुलांना क्वीअर, बायसेक्शुअल, नॉन-बायनरी हे शब्द मिळतात, सगळे इंग्रजी. आईशी बोलायला मराठीत उरतात ते एकतर 'समलैंगिक'सारखे कागदी शब्द, नाहीतर कट्ट्यावरच्या शिव्या. मग घरच्यांना हे खूळ परदेशी वाटलं तर नवल नाही. खरं तर बारामती-इंदापूरवरून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, आणि त्यांच्या गाथेतल्या विराण्या बाईच्या तोंडून बोलतात. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका आणि तमाशातली मावशीही आपलीच. याला समलिंगी साहित्य म्हणणं ओढूनताणून होईल. पण बाई-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटी ओलांडणं मराठी कानाला नवं नाही, एवढं नक्की.

वाचनालय असताना मोबाइलच का?

बारामती हे शिक्षणाचं गाव आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ चं, विद्या प्रतिष्ठान १९७२ चं. इंदापूर तालुक्यातूनही मुलं इथे शिकायला येतात. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयंही राज्यात हजारोंनी आहेत. उद्या तिथे 'कोबाल्ट ब्लू' आली तरी एक अडचण उरते. छोट्या गावात पुस्तक काउंटरवर मागावं लागतं, रजिस्टरमध्ये नाव लागतं आणि ग्रंथपाल वडिलांना ओळखत असतात. मोबाइलला ही नोंद लागत नाही.

ही भीती कशाची, हे या भागात वेगळं सांगायला नको. 'सैराट'चं करमाळा इंदापूरच्या समोरच, उजनीच्या पलीकडे आहे. जात मोडणाऱ्या मुला-मुलीचं काय होतं ते त्यात सगळ्यांनी पाहिलंय.

शाळेकडून फार आशा नाही. २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका एनसीईआरटीने संकेतस्थळावर टाकली आणि आक्षेप येताच काही दिवसांत उतरवली. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, पण त्याचा उपयोग अठरा वर्षांपुढच्यांना.

आता कायद्यामुळे काय बदलणार?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीला पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायलाही बंदी आहे, आणि ती हवीच होती. कायदा पुस्तकांबद्दल एक अक्षर बोलत नाही. खातं न उघडता वाचता येतं तिथे वाचनावर थेट परिणाम होऊ नये. प्रश्न येतो तो खातं लागतं तिथे. इतर मुलांसाठी आई-वडिलांची संमती ही औपचारिकता असेल. आपण काय वाचतो हे घरी कळू नये म्हणूनच जे मूल मोबाइलवर वाचतं, त्याच्यासाठी ती बंद दारासारखी आहे. कायदा करताना हे मूल कुणाच्या डोळ्यांपुढे होतं असं वाटत नाही.

ओसमन यांची पहिली कादंबरी २०१४ मध्ये आली, तेव्हा त्या विशीच्या आत होत्या. 'हार्टस्टॉपर'मधली जोडी त्या पुस्तकातही आहे. मराठीत कोऱ्या राहिलेल्या त्या जागी लिहू पाहणाऱ्या बारामतीच्या सोळा वर्षांच्या मुलीसाठी वॉटपॅड आहे, मराठी 'प्रतिलिपी' आहे. सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मे २०२७ पासून तिथे तिचं खातं पालकांच्या संमतीवर अवलंबून असेल.