समजून घ्या : समुद्र तापतोय, तरी जपानमध्ये एवढा बर्फ का?

जानेवारीत टोकियोहून बुलेट ट्रेनने निगाताकडे निघालात, तर बराच वेळ खिडकीबाहेर निळे आकाश आणि कोरडी जमीन दिसते. मग गाडी २२ किलोमीटर लांबीच्या दाईशिमिझू बोगद्यात शिरते. पलीकडे बाहेर पडते तेव्हा छपरांवर माणसाच्या उंचीचा बर्फ असतो. अक्षांशात जेमतेम एका अंशाचा फरक आणि प्रवास दीड तासाचाही नाही. मग ऋतू कोणी बदलला?

उत्तर बोगद्यात नाही, पश्चिमेच्या समुद्रात आहे.

हिवाळ्यात सैबेरियातून जपानकडे वारे सुटतात. निघताना ते हाडे गोठवणारे, पण कोरडे असतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. कुरोशिओ या उष्ण प्रवाहाची त्सुशिमा नावाची शाखा या समुद्रात शिरते आणि त्याला उबदार ठेवते. थंड वारा या पाण्यावरून जाताना भरपूर बाष्प उचलतो, पुढे होन्शू बेटाच्या डोंगरांना धडकतो आणि सगळे ओझे तिथेच उतरवतो. टोकियोच्या वाट्याला उरते कोरडी हवा.

आपल्याला हे गणित परके नाही. महाबळेश्वर धो धो भिजत असते तेव्हा माण-खटाव ढगांकडे बघत बसलेले असते, तसेच हे. जपानमध्ये हा खेळ हिवाळ्यात चालतो, एवढेच. जानेवारीत निगाता शहरात पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून सरासरी सुमारे १८० मिलिमीटर पाणी पडते, टोकियोत सुमारे ६०. त्याच महिन्यात टोकियोला १९० तासांहून अधिक ऊन मिळते, निगाताला ६० तासही नाही.

इंजिनीअरिंगला पाठ केलेला विशिष्ट उष्मा इथे कामी येतो. (परीक्षेनंतर तो पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते.) पाणी तापायला वेळ लावते आणि निवायलाही. जपानभोवतीचा समुद्र सर्वाधिक उबदार असतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, आणि ती ऊब डिसेंबरपर्यंत पुरते. बेटावरचा ऋतू समुद्राच्या घड्याळाने चालतो तो असा.

याच समुद्राच्या थंड बाजूचा फटकाही जपानने खाल्ला आहे. उन्हाळ्यात ओखोत्स्क समुद्राकडून ‘यामासे’ हा गार, दमट वारा ईशान्य जपानवर येतो. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात भाताचे पीक बुडाले आणि भाताच्या देशाला थायलंडसह इतर देशांतून तांदूळ आणावा लागला.

बर्फ पडला म्हणजे तापमानवाढ खोटी?

दर हिवाळ्यात जपानमधल्या हिमवादळाचे व्हिडिओ फिरतात आणि खाली कोणीतरी हमखास विचारतो, “कुठे गेली तुमची तापमानवाढ?” प्रश्न चटपटीत आहे, पण उलटा आहे. जपानभोवतीच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान शंभर वर्षांत सव्वा अंशाहून अधिक वाढले. ही वाढ जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. समुद्र जितका गरम, तितके वाऱ्याला बाष्प जास्त. सैबेरियाची थंडी मात्र अजून पुरेशी कडक आहे. त्यामुळे किनाऱ्यालगत बर्फाऐवजी पाऊस वाढतो, हंगामाचा एकूण बर्फ घटू लागतो, आणि तरीही आतल्या डोंगराळ भागात एखाद्या रात्री छप्पर फाडून बर्फ कोसळू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये असाच बर्फ पडला आणि कान-एत्सू महामार्गावर सुमारे २ हजार वाहने अडकून पडली. काही लोकांना दोन दिवस गाडीतच काढावे लागले.

म्हणूनच ‘सरासरी बर्फ घटतोय’ हे वाक्य मला अर्धवट आणि धोक्याचे वाटते. निगाताच्या प्रसिद्ध कोशिहिकारी तांदळाला वसंतात वितळत्या बर्फाचे पाणी लागते, तिथे सरासरी महत्त्वाची. पण घराचे छप्पर सरासरीने मोडत नाही, ते एका रात्रीच्या वजनाने मोडते. हिमप्रदेशातल्या गावांतून तरुण शहरात गेले आहेत. फावडे घेऊन छपरावर चढणारे बहुतेक जण साठी-सत्तरी ओलांडलेले असतात, आणि जपानमध्ये बर्फामुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये बर्फ उपसताना दगावलेल्या वृद्धांचे प्रमाणच सर्वाधिक आहे.