लेथे : शब्दाची कुळी आणि शब्दाचा अर्थ

साहित्यविषयक चर्चासत्रांत एक विधान हमखास ऐकू येते : ‘लेथे ही ग्रीकांची विस्मृतीची नदी, अलेथेइआ म्हणजे अ-लेथे, म्हणून ग्रीकांचे सत्य म्हणजे अनावरण.’ माना डोलतात आणि सत्र पुढे सरकते. आमचा आक्षेप या विधानाच्या दोन्ही टोकांना आहे.

पहिले टोक नदीचे. होमरच्या पाताळात आखेरॉन, स्टिक्स आदी नद्या आहेत, लेथे नाही. हेसिऑडच्या ‘थिऑगनी’त लेथे येते ती नदी म्हणून नव्हे, तर एरिस म्हणजे कलह हिची कन्या म्हणून, कष्ट, उपासमार आणि वेदना ही तिची भावंडे. अॅरिस्टोफेनिसच्या ‘फ्रॉग्ज’मध्ये लेथेचे मैदान आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागातही मैदानच आहे; तेथील नदीचे नाव अमेलेस, म्हणजे बेफिकीर. तिला ‘लेथेची नदी’ असे प्लेटो म्हणतो ते अगदी शेवटी. आज आपल्या मनात वाहणारी नदी बरीचशी व्हर्जिलची आहे.

दुसरे टोक व्युत्पत्तीचे. ‘लेथे’ हा शब्द ‘लान्थानो’ या क्रियापदाच्या कुळातला : लक्षातून निसटणे, नजरेआड राहणे. त्याचेच आत्मनेपदी रूप ‘विसरणे’ असा अर्थ देते. अलेथेइआची फोड या धातूवरून करता येते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु कुळी म्हणजे अर्थ नव्हे. होमरमध्ये हा शब्द बहुतेक वेळा ‘सांगणे’ या क्रियेसोबत येतो : काही न वगळता, न लपवता सांगणे. हायडेगरने 1927 साली ‘अनावरणा’चा अर्थ पुढे केला, पाउल फ्रीडलेंडरने त्याला हरकत घेतली, आणि 1964च्या एका व्याख्यानात हायडेगरने स्वतःच आपला दावा पुष्कळ आवरता घेतला. आमच्या व्यासपीठांवर मात्र ही माघार अद्याप पोहोचलेली नाही.

हाच न्याय आपल्या भाषेला लावून पाहावा. ‘विस्मृती’च्या पोटात ‘स्मृती’ आहे. म्हणून मराठी माणसाला विसरणे हे केवळ आठवणीचे उणेपण वाटते, असे कोणी म्हणेल काय? लॅटिन ‘लेटुम’ म्हणजे मृत्यू. त्यात लेथेच्या ओढीने ‘एच’ घुसला आणि तो इंग्रजी ‘लीथल’मध्ये आजही ठाण मांडून आहे. भासमान नाती अशी चिवट असतात.

हा वाद केवळ कोशांचा नाही. अनावरणाच्या या सोप्या मंत्रामुळे कलहाची कन्या असलेली लेथे विद्यार्थ्याच्या हाती लागतच नाही. इसवी सन पूर्व 403 मध्ये यादवी संपल्यावर अथेन्सच्या नागरिकांनी मागील अपराध उकरून न काढण्याची शपथ घेतली. एरेख्थेइऑनमध्ये लेथेची वेदी होती, असे प्लुटार्क सांगतो. विसरणे ही तिथे राजकीय कृती होती : कोणी विसरावे, कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न तिच्यासोबत येतो.

तो प्रश्न वर्गात विचारला जावा, एवढीच आमची मागणी. त्यासाठी शब्दाची फोड पुरणार नाही. संहिता वाचावी लागेल.